कानाची वाट वेगळी, टेपची वेगळी

गाणाऱ्याला हेडफोनमध्ये थोडा इको हवा असतो. टेपवर मात्र आवाज कोरडाच उतरायला हवा. या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवणं हे मल्टिट्रॅक मिक्सरचं मुख्य काम. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी अवाढव्य कन्सोल असे. 1979 साली जपानच्या टीॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ 144' आणला आणि चार ट्रॅकचा रेकॉर्डर मिक्सरसकट घरातल्या टेबलावर मावू लागला. तोही साध्या कॅसेटवर चालणारा!

कॅसेटच्या दोन बाजू, प्रत्येकीचे डावा-उजवा मिळून फितीवर चार पट्टे. हे मशीन चारही पट्टे एकाच दिशेने वापरतं. कॅसेट उलटी घातली तर गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतं. वेगही दुप्पट, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. त्यामुळे 60 मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम 15 मिनिटं मिळतात.

पहिल्या ट्रॅकवर गिटार झाली आहे आणि दुसऱ्यावर गायचं आहे, असं समजा. माइकचा आवाज चॅनेलमधून, टोन आणि फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) ओलांडून, पॅनचा नॉब फिरवाल त्या बसवर, म्हणजे टेपकडे नेणाऱ्या सामायिक वाटेवर जातो आणि तिथून टेपवर. टेपवरून परत येणाऱ्या गिटारला या बसवर येऊ द्यायचं नाही, नाहीतर ती गाण्याच्या ट्रॅकवरही उतरेल. म्हणून तिच्यासाठी 'टेप क्यू'चे वेगळे नॉब, थेट हेडफोनकडे नेणारे. गायकाने गिटार वाढवून मागितली तर क्यू वाढवायचा. रेकॉर्डिंगच्या लेव्हलला धक्काही लागत नाही.

रिळांच्या मशीनवर रेकॉर्डचं हेड आणि ऐकण्याचं हेड वेगळं असे, त्यामुळे जुनं ऐकत गायलेलं नवं मागे पडे. ॲम्पेक्स कंपनीने 1950च्या दशकात रेकॉर्ड हेडवरूनच ऐकवण्याची सोय केली. पोर्टास्टुडिओत दोन्ही कामं एकच हेड करतं, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

आता इकोकडे वळू. इफेक्टचा सेंड, म्हणजे इको मशीनकडे जाणारी वाट, फेडरनंतर घेतला तर आवाज कमी केल्यावर इकोही कमी होतो. फेडरआधी घेतला तर फेडर खाली ओढला तरी इको घुमतच राहतो. पण खरा निर्णय इकोच्या परतीचा, ती कुठे जोडायची याचा. इको बसवर सोडला की तो टेपवर कायमचा बसला. फक्त मॉनिटरला, म्हणजे हेडफोनला, दिला तर गायक खुलून गातो आणि टेप कोरडी राहते. माझं मत ठाम आहे: गाताना इको फक्त कानाला द्यावा. अपवाद बाउन्सचा. तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवले आणि त्या तिघांवर नवं रेकॉर्ड केलं, की मागे फिरता येत नाही. तिथे इको किती, हे आधीच ठरवावं लागतं.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी 1982मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात याच मशीनवर गाणी रेकॉर्ड केली. मिक्स करताना आवाज एकोप्लेक्स या इको मशीनमधून फिरवून साध्या कॅसेट रेकॉर्डरवर उतरवला. बँडला ऐकवण्यासाठी केलेला तो कच्चा नमुना होता. पुढे बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटवरचा एकटेपणा त्यांत येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' हा अल्बम निघाला.

जुना पोर्टास्टुडिओ हाती आलाच, तर आधी हेड अल्कोहोलने पुसा, 60 मिनिटांहून मोठी कॅसेट घालू नका आणि रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी इकोची परतीची वायर कुठे जोडली आहे ते पाहा.