अकरा महिन्यांचा अंगठा

मैत्रिणीच्या भाडेकरारात ‘भाडेकरू’ हा शब्द शोधत होते. सापडला नाही. कागदोपत्री ती ‘परवानाधारक’! तेवढ्या कुतूहलापोटी एका एजंटाच्या स्कूटरवर मागे बसून कोथरूडला गेले.

त्याच्या सॅकमध्ये लॅपटॉप, वेबकॅम आणि ठसे घेणारं यंत्र. लीव्ह अँड लायसन्ससाठी, म्हणजे या परवान्याच्या करारासाठी, आता निबंधक कार्यालयात ताटकळायला नको. “अठरा हजार भाडं, पन्नास डिपॉझिट, अकरा महिने,” तो टाइप करता करता पुटपुटला. अकरा महिन्यांचं भाडं, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या सगळ्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. पाचशेच्या आसपास. शिवाय नोंदणीचे १,००० रुपये.

अकराच का? वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हा जुना हिशेब. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मुदत बघत नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. कारण संपलं, अकरा महिने राहिले.

मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. “आमच्या वाड्यातल्या दोन खोल्या गेल्या त्या गेल्याच,” म्हणाल्या. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेले लोक कायद्याने भाडेकरू ठरले, त्यातलं हे प्रकरण. ‘भाडेकरू’ शब्द करारातून हद्दपार का, ते तिथे कळलं.

मग अंगठा. यंत्राने आजींना ओळखलंच नाही. “कपाळाला घासा जरा.” घासला. नाही. ओल्या रुमालाने पुसला. नाही. भांडी घासून, पीठ मळून रेषाच झिजलेल्या. एजंट मात्र चिडला नाही. “सावकाश, आजी,” म्हणत एकेक बोट लावून बघत होता. घराची मालकी सिद्ध होते, पण आपण आपणच आहोत हे होत नाही, याचं त्यांना हसू येत होतं. मला नाही आलं. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं.

खोली घेणाऱ्या मुलाचा अंगठा पहिल्याच झटक्यात. त्याने मुदत संपल्यावर खोली न सोडल्यास दुप्पट रकमेचं कलम दोनदा वाचलं, आणि त्याच बोटांवर महिने मोजले.

“म्हणजे ऐन परीक्षेत,” तो म्हणाला.

एजंट यंत्राची वायर गुंडाळत होता.