जुन्या मोटारसायकलीस मागील टायर व डबल स्टँड बसविणें

शेतीच्या अवजारांत मोटारसायकलीची गणना कोणी करीत नाहीं. तथापि आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत खताचें पोतें, फवारणीचा पंप व मजुरांची शिदोरी आज बहुधा तिच्यावरूनच शेतांत जातात. बंडी केवळ जड ओझ्यापुरती उरली आहे. स्प्लेंडर ही गाडी १९९४ सालीं बाजारांत आली व खेड्यापाड्यांत सर्वत्र पसरली. आमचीही तीच. महसूल खात्याच्या नोकरींत पैसेवारीच्या कामासाठीं गांवोगांव हिंडतांना तिचे तीन मागील टायर झिजले, आणि चौथ्या टायराच्या वेळीं आमची चूक झाली.

एका मिस्त्र्यानें सांगितलें, "२.७५ ऐवजीं ३.०० चा जाड टायर घाला, ओझें चांगलें पेलेल." आम्हीं मान डोलाविली. डबल स्टँडची पिन झिजून तो खिळखिळा झाला होता, तिकडे त्यानें पाहिलें नाहीं आणि आम्हींही पाहिलें नाहीं. पुढें आषाढांत युरियाचीं दोन पोतीं लादलेली गाडी धुऱ्यापाशीं स्टँडवर उभी केली. ती पुढें सरकून कलंडली व आमच्या सालदाराच्या पावलावर पडली. हाड मोडलें. ऐन डवरणींत सहा आठवडे त्याचा पाय प्लास्टरांत होता. औषधपाण्याचा खर्च आम्हीं दिला, परंतु त्यानें सोसलें तें कोणीं भरून द्यावें? ह्यांत अर्धा दोष मिस्त्र्याचा धरला तरी उरलेला अर्धा आमचाच.

टायर आणि स्टँड हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, ही समजूतच अपघाताचें मूळ होय. डबल स्टँड मागील चाकास जमिनीपासून थोडेंसेंच उचलतो. चाक अधांतरी असलें म्हणजे गाडीचें वजन स्टँडच्या दोन पायांवर पडतें व तेंच वजन स्टँडला जागच्या जागीं दाबून धरतें. २.७५ च्या जागीं ३.०० चा टायर घातला कीं चाकाची त्रिज्या अदमासें पाव इंच वाढते. तिकडे पिन व पाय झिजून स्टँड तितकाच खालावलेला असतो. मग चाक जमिनीस टेकतें, वजन चाकावर जातें, आणि जरासा धक्का लागतांच चाक पुढें फिरून स्टँड मागें दुमडतो.

जाड टायराचें दुसरें दुखणें आपल्या काळ्या जमिनींतच दिसतें. पावसाळ्यांत चिकण माती टायर व मडगार्ड ह्यांच्यामध्यें भरून बसते. मूळची फटच लहान केली तर दहा-वीस हातांवर चाक जाम होतें व काडीनें माती कोरीत बसावें लागतें. तेव्हां गाडीचें मूळचें मापच बरें.

माप टायराच्या कडेवर लिहिलेलें असतें. २.७५-१८ म्हणजे रुंदी पावणेतीन इंच व रिमेचा व्यास अठरा इंच. त्यापुढें ६ पीआर व ४८ पी अशीं चिन्हें असतात. पीआर हें पदरांचें मान होय. पूर्वीं टायराच्या पोटांत सुती दोऱ्याचे थर घालीत, व तितक्या सुती थरांइतकी मजबुती असा ह्या आंकड्याचा अर्थ; पुढें नायलॉनचा दोरा आला, थर कमी झाले आणि आंकडा तेवढा राहिला. कापूस पिकविणारांनीं हें ऐकून हळहळावें, दुसरें काय! ४८ हा संकेत १८० किलो ओझ्याचा आहे. पुढील टायरावर बहुधा ४२ असतो, तो १५० किलोंचा; म्हणून माप एकच दिसलें तरी पुढील टायर मागें घालूं नये. युरियाचें पोतें आतां ४५ किलोंचें असतें. दोन पोत्यांचे ९० किलो जवळजवळ सर्व मागील चाकावर, चालकाचेंही बरेंच वजन मागें, शिवाय गाडीचें अर्धें वजन. १८० ची मर्यादा तेथेंच गांठली जाते. टायर घेतांना कडेवरील चार आंकडेही वाचावे: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानांत वर्षानुवर्षें पडलेला टायर नवा दिसला तरी घेऊं नये.

कामास आरंभ स्टँडपासून करावा. इंजिनाखालीं लांकडी ठोकळे देऊन गाडी पक्की उभी करावी, जुनी पिन काढावी, आणि पिन व तिचे बुश झिजले असल्यास नवेच घालावे; जुन्या पिनेवर नवा स्टँड बसविणें व्यर्थ होय. ग्रीस विसरूं नये. स्प्रिंग चढविणें हें मात्र कठीण. आमची युक्ति अशी: स्प्रिंगेचें एक टोंक आंकड्यांत अडकवून दुसरें पकडींत धरावें व ती एका अंगास वांकवावी. दुसऱ्या अंगाच्या वेढ्यांत फटी पडतात, त्यांत एकेक रुपयाचें नाणें सारावें; मग उलट वांकवून तसेंच करावें. अशा रीतीनें स्प्रिंग लांबते व दुसरें टोंक सहज अडकतें. स्टँड खालीं ओढला कीं नाणीं गळून पडतात. ह्या वेळीं डोळ्यांवर चष्मा असावा व तोंड बाजूस ठेवावें, कारण सुटलेली स्प्रिंग गोफणीच्या दगडाप्रमाणें येते.

आतां चाक. स्प्लेंडरमध्यें चेनच्या अंगास एकाबाहेर एक असे दोन नट असतात. आंतील मोठा नट तसाच ठेवून आंस काढला तर चेनचें चक्र जागीं राहतें व चाक तेवढें सुटून येतें. बंडीच्या चाकावर धाव चढवितांना लोहार ती तापवितो. रबरी टायर साबणाच्या पाण्यानें घसरवून चढवावयाचा असतो. रिमेच्या मध्यभागीं खोलगट चर असते. टायराची एक कड त्या चरींत दाबून ठेवली तरच समोरची कड लिव्हरनें सुखानें चढते. जोर करावा लागला तर कड चरींतून निसटली असें समजावें. शेवट व्हॉल्व्हपाशीं करावा. आऱ्यांच्या टोंकांवरील रबरी पट्टी कुजली असल्यास बदलावी, ट्यूबही नवीच घालावी, आणि टायरावरील बाण चाक फिरण्याच्या दिशेस ठेवावा. टायर चढविण्यापूर्वीं आंतून हात फिरवून पाहावा. आमच्या एका टायरांत बाभळीचा कांटा व पऱ्हाटीचें धसकट दोन्ही सांपडलीं होतीं.

चाक परत बसविल्यावर एका लहान पिनेकडे सर्वांचें दुर्लक्ष होतें. ब्रेकच्या झांकणास धरून ठेवणारी एक पट्टी असते. तिच्या नटांत दुपांखी पिन घालतात. ती नसली व नट गळून पडला तर ब्रेक दाबतांच झांकण चाकाबरोबर फिरतें आणि चाक एकाएकीं जखडतें. ती पिन दोन-चार रुपयांची असते. प्रत्येक वेळीं नवी घालावी. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या. हवा एकट्यासाठीं सुमारें २८ पौंड, मागें माणूस अथवा ओझें असल्यास सुमारें ४० पौंड. शेवटीं गाडी सपाट जागीं डबल स्टँडवर घेऊन मागील चाक हातानें फिरवावें. तें मोकळें फिरलें व खालून चपलेचा तळ सहज सरकला तर स्टँड बरोबर बसला.

शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट एकदां पुनः आंवळावे. काढलेला टायर अंगणांत टाकूं नये. त्यांत पाणी सांचून डांस होतात. आम्हीं आमचा कापून विहिरीवरील मोटरेच्या पाईपाखालीं बसविला आहे.