पाचला दहा कमी

मार्च महिन्यात रोज पहाटे, पाचला दहा कमी असताना, आमच्या सोसायटीच्या मागे शीळ सुरू व्हायची. पुण्यात त्या वेळी दूधवालाही आलेला नसतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका छातीठोकपणे म्हणाले, "कोकिळा आहे ती."

"काका, कुहू कुठे ऐकू येतंय? आणि गातो तो कोकीळ, नर. कोकिळा नुसती किक्-किक् करते."

काकांना हे रुचलं नाही.

अंधारात रंग, चोच, शेपूट यांतलं काहीच हाताशी नसतं. नवखा माणूस मग आवाजाचा गोडवा लक्षात ठेवतो आणि तिथेच फसतो. गोड तर निम्मे पक्षी गातात. धरायची असते ती लय. एकच बोल परत परत येतोय का? पट्टी चढतेय का? मध्ये दम किती वेळ घेतो? मी वहीत रेघा ओढायला लागले. स्वर चढला की रेघ वर, उतरला की खाली. शिंपी एकच बोल ठोकत बसतो, त्यामुळे वहीत त्याच्या सारख्या उंचीच्या काड्या. तांबटाची टुक्-टुक् म्हणजे नुसते ठिपके. पावशाचा जिना, प्रत्येक हाकेला एक पायरी वर, आणि टोकाला पोचला की एकदम गप्प. मागच्या त्या शिळेची रेघ मात्र दोनदा सारखी येईना. तीन-चार स्वच्छ स्वर, एक मुरकी, थांबा. पुढच्या ओळीचा शेवट भलताच.

वही न घेता हे काम लोकांनी कधीच करून ठेवलंय. पावशा आपल्याकडे 'पेरते व्हा' म्हणतो, हिंदी मुलखात 'पी कहाँ', आणि इंग्रजांना त्यात 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं. अर्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण म्हणून बघा, तिन्हींत ठोके तीनच. भारद्वाजाचं 'कुक्कुडकोंबा' हे नावही त्याच्या घुमण्यासारखंच वाटतं. तमिळनाडूत तर नवरंगाला 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात, कारण तो सांज-सकाळ ठरल्या वेळी हाक देतो. तेव्हा घड्याळ हीसुद्धा एक खूणच.

पण पाचला दहा कमी ही काय वेळ झाली? पहाटे गाण्याची कारणं अभ्यासक बरीच देतात. किडे शोधण्याइतका उजेड नसतो, हवा स्तब्ध असते, आणि रात्रभर जगून-वाचून आपण इथेच आहोत हे शेजाऱ्याला आणि मादीला कळवायचं असतं. शहरात त्यात आपण भर घातली. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये रॉबिन पक्षी रात्री का गातात, यावर २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथे रॉबिन रात्री गाताना आढळले. आमच्या मागच्या रस्त्यावर सहानंतर पीएमपीच्या बस सुरू होतात. कुणी सांगावं, आमच्या गवयानेही मोकळी वेळ हेरली असेल.

शेवटी फोन काढला. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेचं 'मर्लिन' हे ॲप २०२१पासून आवाज ओळखतं. तेही आवाजाचं आधी चित्र करतं आणि मग ते चित्र ओळखतं. म्हणजे माझ्याच रेघा, फक्त कितीतरी बारीक. उत्तर आलं ओरिएंटल मॅगपाय रॉबिन, आपला दयाळ. पण मधूनच लालबुड्या बुलबुलाचं नावही झळकायचं. बुलबुल खरोखर तिथे होता, की दयाळच त्याची नक्कल करत होता? दयाळ दुसऱ्यांचे बोल उचलतो. म्हणून मी फोनचं उत्तर लगेच वहीत उतरवलं नाही.

पुढचे तीन दिवस सव्वासहापर्यंत गच्चीत उभी राहिले. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता समोरच्या इमारतीच्या अँटेनावर काळी-पांढरी आकृती दिसली. शेपटी ताठ उभी, आणि चोच हलली की तीच शीळ. एकटाच होता. बुलबुलाचा तुकडाही त्याच चोचीतून आला.

जुलैनंतर गाणं थांबलं. आता आश्विनात तो खालच्या जास्वंदीत असतो आणि नुसतं 'चर्र, चर्र' करतो. परवा मी काकांना म्हटलं, "ऐका, तोच दयाळ."

काकांनी कान दिला. "छे," म्हणाले, "घूस आहे."