ऑइल खाणारं इंजिन

गाडी ऑइल खायला लागली की आपल्याकडचा मेकॅनिक मान हलवतो आणि 'इंजिनचं काम निघालं' म्हणतो. माझदाच्या आरएक्स-८ चं गणित उलटं आहे. तिचं ऑइल अजिबात कमी होत नसेल, तर मालकाने धास्तावावं.

कारण तिच्या रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्हही नाहीत. मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याचे तिन्ही कोपरे सतत भिंतीला टेकलेले, त्यामुळे तीन कप्पे होतात आणि ते लहानमोठे होत राहतात. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं, सगळं त्यातच उरकतं. वरखाली आदळआपट नसल्याने हे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढतं.

सगळी मदार कोपऱ्यांवरच्या पट्ट्यांवर, म्हणजे एपेक्स सीलवर. जेमतेम २ मिलिमीटर जाडीची ही पट्टी स्प्रिंगच्या जोरावर भिंतीला घासत जाते आणि पेटलेल्या कप्प्यातला दाब शेजारी जाऊ देत नाही. पिस्टनच्या रिंगांना खालून ऑइल मिळतं, हिला मिळत नाही. म्हणून एक छोटा पंप थोडं थोडं ऑइल थेट आत सोडतो आणि ते जळून जातं, जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरसारखं. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची आणि कमी झालेलं भरायचं, एवढंच.

जर्मनीच्या एनएसयू कंपनीने हे सील नीट जमण्याआधीच १९६७ मध्ये 'रो ८०' बाजारात आणली. गाडीला युरोपात 'कार ऑफ द इयर'चा मान मिळाला. पण वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. ग्राहकांवर चाचण्या घेतल्या की दुसरं काय होणार! हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोतो यांच्या पथकालाही याच पट्टीने रडवलं होतं. भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठायचे. त्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी तयार झाली, तेव्हा कुठे 'कॉस्मो स्पोर्ट' रस्त्यावर आली. पुढे १९९१ मध्ये चार रोटरच्या '७८७बी'ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. म्हणजे दम नाही, असं कुणी म्हणू नये.

आरएक्स-८ मध्ये बऱ्याचदा घात होतो तो इग्निशन कॉइलने. कॉइल थकली की ठिणगी मंदावते, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, तो वितळून तुंबतो आणि ती उष्णता उलटी इंजिनावर येते. शेवटी बोल मात्र रोटरीला. दुसरी खोड थंड इंजिनाची. गाडी सुरू करून अंगणातून जरा पुढे घेतली आणि लगेच बंद केली, की आत पेट्रोल साचतं आणि पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. एकदा सुरू केली की इंजिन गरम होऊ द्यावं.

जपानमध्ये किंवा आखातात जुनी रोटरी घ्यायची असेल, तर साध्या कॉम्प्रेशन गेजवर जाऊ नका. तो तिन्ही बाजूंपैकी सगळ्यात चांगला आकडाच दाखवतो. रोटरीसाठीच्या टेस्टरने, इंजिन गरम असताना, प्रत्येक रोटरचे तीन वेगळे आकडे मागा. विकणारा ते द्यायला तयार नसेल, तर इंजिन उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.