चष्म्याचा नंबर थांबतच नाही तेव्हा

मी सूरजागडहून बोलते आहे. हप्ता, व्याज आणि वसुली यांपलीकडे मी कधी बोलत नाही अशी तुमची तक्रार असते. आज डोळ्यांविषयी बोलणार आहे. पण सुरुवात हिशेबाच्या वहीपासूनच करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी एका बैठकीत वही आणि पेटी जुळेना. वहीत ८०० रुपये जास्त दिसत होते. दोन तास डोकं घातलं तेव्हा कळलं, एका ताईचा १०० चा हप्ता मी ९०० वाचून बेरजेत धरला होता. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या बैठकीत एका मावशीनं पेटीची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांवर चष्मा होता, तोही चारच महिन्यांपूर्वी बदललेला. दीड वर्षातला तिसरा. दुकानदार म्हणाला होता, "अशक्तपणा आहे ताई, गाजर खा, पालेभाजी खा." मी खाल्ली. नंबर वाढतच गेला.

शेवटी नागपूरला एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं आणि बुबुळाचा रंगीत नकाशा काढला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, केराटोकोनस.

आपल्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. मधोमध तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि चेंडूसारखा गोल. या आजारात तो पातळ होत जातो आणि आतल्या दाबानं पुढे येऊन टोकदार होतो, शंकूसारखा. मग उजेड एका जागी जमत नाही. दिव्याला शेपटी फुटते, एका डोळ्यानंही एक अक्षर दोन दिसतं, १ चा ९ होतो. चष्म्याची काच समोर सरळ उभी असते, बुबुळाचे उंचवटे ती झाकू शकत नाही. म्हणून काच कितीही बदला, पुरेसं स्पष्ट दिसत नाही.

हा आजार बहुधा वयात येताना सुरू होतो आणि तिशी-पस्तिशीपर्यंत वाढतो. गरोदरपणातही वाढू शकतो, म्हणून त्या काळात तपासणी चुकवू नये. घरात एकाला असेल तर भावंडांचे आणि मुलांचे डोळेही तपासून घ्यावेत. आणि डोळे चोळण्याशी त्याचा मोठा संबंध आहे. मी लहानपणापासून मुठीनं डोळे चोळायची. धूळ उडाली की खाज, चुलीचा धूर लागला की खाज. आई म्हणायची, "चोळू नको वो, लाल होतात." लाल होण्यापुरतंच ते नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

असं एखादीलाच होत असेल, असं मला वाटायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी जवळपासच्या खेड्यांत तिशीवरच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांचे डोळे मोजले होते, ते २००९ साली छापून आलं. शंभरातल्या दोघा-तिघांचं बुबुळ प्रमाणाबाहेर टोकदार निघालं. ती मोजणी साध्या यंत्रावरची होती, नकाशा काढून केलेली नव्हती, त्यामुळे ते सगळे आजारीच होते असं मी म्हणणार नाही. पण आपल्या प्रभागसंघात किती बाया आहेत ते मोजा आणि तुम्हीच हिशेब करा.

आजार वाढत असेल तर तो थांबवण्याचा उपाय आहे, क्रॉस-लिंकिंग. बुबुळावर बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालतात आणि अतिनील किरण सोडतात, त्यानं पडद्याचे धागे एकमेकांना घट्ट धरतात. जर्मनीतल्या ड्रेसडेन शहरात ही पद्धत निघाली. बिघडलेलं त्यानं पूर्ववत होत नाही, बहुतेकांत वाढ थांबते. मात्र पडदा पुरेसा जाड शिल्लक हवा. माझ्या डाव्या डोळ्याला ते करता आलं. उजव्याचा पडदा तोवर फार पातळ झाला होता. दोन वर्षं आधी गेले असते तर, हा विचार मी आता करत नाही, पण तुमच्या पोरींसाठी सांगते.

दिसण्यासाठी मला लेन्स लागतात. डाव्या डोळ्यात छोटी कडक लेन्स आहे. उजव्यात मोठी, तिला स्क्लेरल म्हणतात. ही बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते, आणि मधल्या पोकळीत निर्जंतुक सलाईन भरलेलं राहतं. खडबडीत भिंतीला गिलावा द्यावा तसं ते पाणी सगळे उंचवटे भरून काढतं. पहिल्यांदा घातली तेव्हा समोरच्या मोहाची पानं वेगवेगळी दिसली. मी तिथंच रडले, आणि रडल्यामुळे पुन्हा धूसर झालं.

लेन्सचा खर्च मोठा होता. गटाचं कर्ज शेळीला मिळतं, शिलाई मशीनला मिळतं, डोळ्याला द्यायचं का यावर दोन बैठका वाद झाला. किल्ली मागणाऱ्या मावशीच म्हणाल्या, "वही लिहिणारीचे डोळे म्हणजे गटाचंच अवजार आहे ना?" हप्ते मी फेडले, वहीत आहेत.

आता रोजचं. साबणानं हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. मिरची कुटली असेल तर त्या हातानं लेन्सला शिवायचंच नाही. स्क्लेरल काठोकाठ भरून, मान खाली घालून, चेहरा जमिनीला समांतर ठेवून घालायची. बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. शिकायला मला तीन आठवडे लागले. काढायला रबराचा छोटा प्लंजर असतो. दुपारी धूसर वाटलं की काढून, धुऊन, नवं सलाईन भरून पुन्हा घालते.

सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. विहिरीचं, हातपंपाचं, नळाचं, फिल्टरचं, उकळलेलं, कुठलंच पाणी लेन्सला लावायचं नाही. थुंकी तर नाहीच. साध्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. तो बुबुळात शिरला तर नजर जाऊ शकते, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून अंघोळीआधी लेन्स काढायच्या, झोपताना काढायच्या. डबीतलं जुनं द्रावण ओतून टाकून नवं भरायचं, वर थोडं घालून चालवायचं नाही. डबीही तीन महिन्यांनी बदलायची.

आपल्याकडे धूळ हा वेगळाच ताप आहे. ट्रक गेला की लाल धूळ किती वेळ खाली बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. छोट्या कडक लेन्सखाली एक कण गेला तरी डोळा भाजल्यासारखा होतो. मोठीत त्रास कमी. मी रस्त्यावर आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत बंद कडांचा गॉगल लावते. पोरं हसतात, हसू देत.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अचानक अंधुक झालं, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दुकानातले थेंब, मध, झाडाचा चीक काही घालायचं नाही. त्या दिवसांसाठी जुना चष्मा जवळ ठेवायचा. लेन्सनंही भागलं नाही तर बुबुळ बदलतात. ते मरणोत्तर नेत्रदानातून मिळतं आणि सहा तासांच्या आत काढावं लागतं. आपल्या रस्त्यांवर तेवढा वेळ पुरणं अवघडच आहे.

घरात दहा ते पंचवीस वर्षांचं पोर असेल, डोळे सारखं चोळत असेल, वर्षात दोनदा नंबर बदलला असेल, तर दुकानात तिसरी काच करू नका. लग्न जमेपर्यंत झाकून तर मुळीच ठेवू नका. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात ते आशाताईला विचारा. तिथं हे सगळं सांगा, जुने चष्म्याचे कागद दाखवा, आणि बुबुळाच्या नकाशासाठी पुढे पाठवायला सांगा. त्या तपासणीचं नाव आहे कॉर्नियल टोपोग्राफी. नाव लक्षात राहत नाही, मलाही राहिलं नव्हतं. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर आत्ताच लिहून घ्या.