बेदाण्याला तहान का लागते?

दोस्तांनो, आईला किंवा आजीला विचारून डब्यातल्या मूठभर काळ्या मनुका काढा. दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवा, वाटीभर पिण्याच्या पाण्यात टाका आणि वर झाकण ठेवा. त्या भिजेपर्यंत आपल्याला गप्पा मारायला भरपूर वेळ आहे.

मनुका भिजत घालायचा हा उद्योग आपल्याच महाराष्ट्रात काही घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, आणि तोही शुक्रवारसाठी! ही घरं बेने इस्रायली लोकांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची. अलिबाग, नवगाव, पेण, रेवदंडा या भागात ते शेकडो वर्षं राहिले. आडनावंही कशी अस्सल कोकणी: पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर. गावोगावी घाण्यावर तेल गाळायचा त्यांचा धंदा. पण शनिवार हा ज्यू धर्मात विश्रांतीचा दिवस, त्याला शब्बाथ म्हणतात. त्या दिवशी घाणा बंद! म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले.

शब्बाथ सुरू होतो तो शुक्रवारी सूर्य मावळताना. घरात दिवे लागतात, सगळे जमतात आणि द्राक्षरसाचा पेला हातात घेऊन प्रार्थना म्हणतात. आता कोकणातल्या दमट हवेत, धो धो पावसात द्राक्षं कुठून आणायची? त्यावर या लोकांनी मोठी छान युक्ती काढली. काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, हाताने चांगल्या कुस्करायच्या, फडक्यातून पिळून गाळायच्या. झालं शरबत तयार! मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात एक अख्खा विज्ञानाचा धडा लपलाय.

याच समाजातल्या हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे तिला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. आज जगभरच्या ज्यू बालवाड्यांत शुक्रवार हा हात माखून घ्यायचा दिवस असतो. चिमुकली मुलं कणीक मळतात, तिच्या वळ्या करून वेणी घालतात, पाव भाजला जाताना खमंग वास घेतात आणि मग सगळ्यांबरोबर द्राक्षाचा रस पितात. सण, स्वयंपाक आणि विज्ञान, सगळं एकाच टेबलावर. तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

चला, वाटीत डोकावू या. दोन-तीन तास झाले असतील, तर मनुका चांगल्याच फुगल्या असतील आणि सुरकुत्याही कमी झाल्या असतील. हे पाणी आत शिरलं कसं? मनुकेच्या आत साखर अगदी ठासून भरलेली असते. बाहेर नुसतं पाणी. मधे साल. ही साल पाण्याला हळूहळू आत येऊ देते, साखरेला मात्र सहजासहजी बाहेर सोडत नाही. अशा वेळी पाणी जिकडे साखर जास्त तिकडे जातं. याला परासरण म्हणतात. थोडी साखर आणि रंग बाहेरही झिरपतो, म्हणून तर वाटीतलं पाणी तपकिरी आणि गोडसर झालंय. बाकीची साखर बाहेर काढायला बोटांनी कुस्करावंच लागतं!

आता उलटा प्रवास बघू. मनुका काय नि बेदाणा काय, दोन्ही वाळवलेली द्राक्षंच. द्राक्षातलं पाणी काढून बेदाणा करायचा, तर त्यात सांगलीकरांचा हात कोण धरणार? सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. तासगाव, कवठे महांकाळ, मिरज, जत या भागात उन्हाळा लागला की बेदाण्याची धांदल सुरू होते. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा एक पातळ थर असतो. तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात बुडवून काढतात. त्या थराला बारीक बारीक वाटा पडतात. मग शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर द्राक्षं पसरायची. वर सावली, चारी बाजूंनी कोरडा वारा. पंधरा दिवसांच्या आसपास बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा होतो एक किलो बेदाणा. उरलेले तीन किलो गेले कुठे? वाऱ्याबरोबर, वाफ होऊन!

हा कोरडा वारा इथेच का, ते कळायला नकाशा उघडा. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून ढग येतात, कोकण ओलांडतात आणि सह्याद्रीला अडून वर चढतात. वर हवा थंड, म्हणून तिथेच कोसळतात. साताऱ्याच्या महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात? जेमतेम पाचशेच्या घरात! डोंगराच्या पलीकडे ढग रिकामे होऊनच पोचतात. सांगलीचा पूर्व भागही असाच डोंगराआड. पावसाची ओढ शेतकऱ्याला फार सोसावी लागते, पण बेदाण्याला हीच हवा मानवते.

आणि बेदाणा डब्यात महिनोन्‌महिने टिकतो तो कसा? इथेही परासरणच. बुरशीचा किंवा जिवाणूचा कण बेदाण्यावर पडला, तर आतली साखर त्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेते. बिचाऱ्याला वाढताच येत नाही. मोरंबा साखरेत आणि कैरीचं लोणचं मिठात टिकतं, तेही असंच. म्हणून तर द्राक्षं न पिकणाऱ्या कोकणातल्या गावात, भर पावसाळ्यातसुद्धा, शुक्रवारचा पेला भरता यायचा.

आता तुमची पाळी. तीन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत कोमट पाणी, तिसरीत विरघळेल तितकी साखर घातलेलं दाट पाणी. प्रत्येकीत दहा-दहा बेदाणे टाका. तिसऱ्या वाटीतले बेदाणे किती फुगतील, याचा अंदाज आधीच वहीत लिहून ठेवा. तासातासाने एकेक बेदाणा पट्टीवर ठेवून मोजा.

आणखी एक गंमत हवी असेल, तर ताज्या सोड्याच्या ग्लासात चार कोरडे बेदाणे सोडा. आधी ते तळाला जातील. मग सुरकुत्यांत वायूचे बुडबुडे चिकटतील आणि ते बेदाण्याला वर उचलतील. वर आल्यावर बुडबुडे फुटले की बेदाणा पुन्हा खाली. भिजून गुळगुळीत झालेला बेदाणाही असाच नाचतो का, ते मात्र तुम्हीच करून बघा. घरात अगदी लहान भावंडं असतील, तर अख्खे बेदाणे त्यांच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. शरबत गाळलंत, तर ते त्याच दिवशी पिऊन संपवा. बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ते आंबायला लागतं.