नादारी-अर्जास विरोध
नादारी-अर्जास विरोध : ऋणकोला नादार ठरवावे, अशी मागणी करणाऱ्या धनकोच्या अर्जास ऋणकोने न्यायालयात घेतलेली हरकत. ऋणकोची मालमत्ता एकत्र करून ती सर्व धनकोंत प्रमाणशीर वाटणे आणि प्रामाणिक ऋणकोस कर्जातून मुक्त करणे, हे नादारीविषयक कायद्यांचे दुहेरी उद्दिष्ट असते. नादार ठरताच ऋणकोची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा प्रापकाकडे जाते. म्हणून तत्पूर्वीची सुनावणी त्याच्या दृष्टीने निर्णायक असते.

भारतात मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ मध्ये आणि ब्रिटिश अंमलाखालील अन्य प्रांतांसाठी १९२० मध्ये नादारीविषयक अधिनियम करण्यात आले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे हल्लीच्या हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूरसारखी गावे १९२० च्या अधिनियमाच्या मूळ कक्षेबाहेर होती. या दोन्ही अधिनियमांची जागा घेण्यासाठी २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता करण्यात आली. तथापि तिच्यातील व्यक्तिविषयक तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या अंमलात आल्या.

१९२० च्या अधिनियमानुसार धनकोच्या अर्जास तीन अटी आहेत : कर्ज किमान ५०० रुपयांचे असावे, ते निश्चित रकमेचे व तात्काळ किंवा ठरावीक भावी काळी देय असावे, आणि ऋणकोकडून नादारीचे कृत्य अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत घडलेले असावे. धनकोंना फसविण्यासाठी वा लांबणीवर टाकण्यासाठी मालमत्तेचे हस्तांतरण करणे, त्याच हेतूने राहते घर सोडून जाणे, देणी थांबविल्याची धनकोंना सूचना देणे, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत मालमत्ता विकली जाणे इ. अशी कृत्ये होत. केवळ देणे थकणे हे नादारीचे कृत्य नव्हे. हळदीचा पैसा हाती येईपर्यंत व्यापाऱ्याकडून उधारी लांबली, तर तेवढ्यावरून तो नादार ठरत नाही.

यांपैकी कोणतीही अट पुरी झालेली नाही, असे ऋणकोस दाखविता येते. कर्ज व नादारीचे कृत्य सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो. मात्र आपण सर्व देणी फेडण्यास समर्थ आहोत, हे ऋणकोने स्वतः न्यायालयास पटवून द्यावे लागते. त्यासाठी हिशेबाच्या वह्या, येणे बाकी व मालमत्तेचे मूल्य यांचा पुरावा उपयोगी पडतो. तारणधारक धनकोने तारण सोडण्याची तयारी दर्शविलेली नसेल किंवा तारणाचे मूल्य नमूद केलेले नसेल, तर तोही आक्षेप घेता येतो. अर्जदार धनकोचे देणे परस्पर चुकते करून मात्र प्रकरण आपोआप मिटत नाही. कारण न्यायालयाच्या परवानगीवाचून अर्ज मागे घेता येत नाही आणि त्याच्या जागी दुसरा धनको येऊ शकतो. शिवाय इतरांना डावलून एकालाच दिलेली रक्कम पुढे अवैध ठरण्याचा संभव असतो.

पुरावा अपुरा असल्यास, ऋणको समर्थ असल्यास किंवा अन्य पुरेशा कारणास्तव न्यायालय अर्ज फेटाळते. अर्ज क्षुल्लक वा त्रासदायक असल्यास ऋणकोस १,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. नादारीचा आदेश झालाच, तर त्याविरुद्ध अपील करता येते. तसेच धनकोंशी तडजोडीची योजना मांडता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेली शेतकऱ्याची अवजारे, मशागतीची जनावरे, बियाणे यांसारखी मालमत्ता नादारीतही त्याच्याकडेच राहते.

कंपन्यांच्या बाबतीत विरोधाची व्याप्ती अधिक मर्यादित आहे. पुण्यातील इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीने आयसीआयसीआय बँकेच्या अर्जाला विरोध करताना १९५८ च्या राज्य अधिनियमाखाली शासनाने आपली देणी तात्पुरती स्थगित केल्याचे सांगितले. परंतु केंद्रीय संहिता राज्याच्या कायद्यावर मात करते, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ठरविले. विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर कंपनीच्या प्रकरणात (२०२२) मात्र कंपनीला मिळावयाची मोठी रक्कम विचारात घेऊन अर्ज दाखल करून न घेण्याचा विवेकाधिकार न्यायाधिकरणास आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. हा निर्णय त्या प्रकरणातील वस्तुस्थितीपुरताच असल्याचे २०२३ मध्ये स्पष्ट करण्यात आले. पुरवठादारांच्या अर्जांबाबत, मागणीची नोटीस येण्यापूर्वीच कर्जासंबंधी खरा वाद अस्तित्वात होता, हा बचाव परिणामकारक ठरतो.